ओट्यावर आणलेले लाकडी अंडे

मित्रांनो, हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुने अंडे आहे, आणि तेही लाकडाचे. मला फोडता येत नाही, उकडता येत नाही, आणि माझ्यातून आजवर एकही पिल्लू बाहेर आलेले नाही. तरीही माझा सगळा जन्म कोंबड्यांच्या खुराड्यात गेला. हल्ली मात्र रोज संध्याकाळी मला घरात आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतात. खुराड्यातल्या अंड्याने ओट्यावर यावे यात तुम्हाला काही वावगे वाटणार नाही, पण मला वाटते. का वाटते, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका कातार्‍याच्या दुकानात झाला. लाकूड यंत्रावर गरगर फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर म्हणजे कातारी. त्या दिवशी तो खुर्चीचे पाय करत होता. तीन पाय झाले आणि चौथ्याला भेग पडली. तो चिडून तुकडा भट्टीत टाकणार, एवढ्यात दारात उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "टाकू नका. त्यातून मला एक अंडं करून द्या."

"अंडं? खायचं काय?"

"खायचं नाही हो, कोंबड्यांना फसवायचं."

कातारी इतका हसला की यंत्रच थांबले. पण त्याने भेगेचा भाग कापला आणि उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. माझ्या कुशीवर लाकडाची एक काळपट गाठ राहिली. ती काही केल्या गेली नाही. वरून पांढरा रंग लावला होता, तोही वर्ष-दोन वर्षांत उडाला. माझी तीन सख्खी भावंडे कुठल्यातरी बैठकीच्या खोलीत माणसांची वजने पेलत असतील. माझ्या नशिबी कोंबड्या आल्या, आणि खरे सांगते, मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मला विकत घेणाऱ्या त्या बाई म्हणजे आत्या. घरात भाचा, भाच्याची बायको आणि आत्या अशी तीनच माणसे. घर आत्यांच्या भावाचे. भाऊ गेला, पण जाताना मुलाला सांगून गेला की आत्याला अंतर देऊ नकोस. भाचा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. माणूस लाख मोलाचा, पण घरात दोन बायकांमध्ये काही वाजले की तोंडात मूग धरून बसायचा. त्याच्या बायकोला आत्या 'सूनबाई' म्हणत. ती दातांच्या दवाखान्यात सकाळी फोन घ्यायला आणि पेशंटना नंबर द्यायला जायची. दुपारी यायची ती दमूनच. मनाने चांगली, पण फटकळ. तिला कुणाची लपवाछपवी अजिबात खपायची नाही.

घरामागे लहानसे अंगण होते. अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, आमचे खुराडे. खिडकी सदा उघडी, त्यामुळे घरातला शब्द न शब्द माझ्या कानावर पडायचा. खुराड्यात पाच कोंबड्या होत्या, तांबडी, काळी, ठिपकी, राखी आणि मास्तरीण. मास्तरीण ही सगळ्यांवर चोच उगारणारी, दाण्याच्या भांड्यावर पहिला मान घेणारी. बाकीच्या चौघी तिच्यापुढे चळाचळा कापत.

माझे काम काय, असे तुम्ही विचाराल. तरण्या कोंबडीला पहिल्यांदा अंडे घालायचे असते तेव्हा तिला जागा सुचत नाही. ती कुंडीत घालते, पायपुसण्यावर घालते, जळणाच्या मागे घालते. मग शोधत फिरा! पण पेंढ्यात एक अंडे आधीच ठेवलेले दिसले, की तिला वाटते, इथे कुणीतरी अंडे घातले आहे आणि ते सुखरूप आहे, म्हणजे जागा भरवशाची. ती तिथेच बसते. तो भरवसा म्हणजे मी. आत्या मला 'मुकादम' म्हणत. सकाळी खुराडे उघडले की आधी मला विचारत, "काय मुकादम, आज किती जणी कामावर?" मी एकटेच असे होते, की रोज जागच्या जागी असण्याबद्दल माझे कौतुक व्हायचे.

शेजारी कपडे इस्त्री करणारी बाई राहायची. तिच्या इस्त्रीपेक्षा तिची जीभ गरम. ती कुंपणावरून डोकावून नाना शंका काढायची. "आत्या, तुमच्याकडे कोंबडा नाही, मग अंडी कशी हो होतात?"

"अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो," आत्या दाणे टाकता टाकता सांगत.

सूनबाईलाही शंका असत. "आत्या, कोंबड्या पाच, मग रोज पाच अंडी का नाहीत?"

"अगं, एक अंडं तयार व्हायला तिला दिवसाहून जास्तच वेळ लागतो. मधे खाडा पडायचाच. तू नाही का रविवारी सुट्टी घेत?"

सूनबाई हसायची. पण ती हिशेबी डोक्याची. पाचाचे चार समजण्यासारखे होते, तीनही चालून गेले असते. पण मग एका उन्हाळ्यात रोज एक किंवा दोनच अंडी निघू लागली, आणि हसणे बंद झाले.

मित्रांनो, आता पुढचे ऐका. अंडी कुठे जात होती ते मला ठाऊक होते. मी शेजारीच तर होते! अंडी घालायच्या खोक्याखालची एक फळी कोपऱ्यात कुजली होती. वरून पेंढा, म्हणून ती कुणाला दिसली नाही. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की त्या फटीतून एक साप वर यायचा. तो कुणाला चावला नाही, कुणाच्या वाटेला गेला नाही. तोंड मोठे करून तो अंडे गिळायचा, अंग फळीवर दाबून आतल्या आत फोडायचा आणि पुन्हा सडपातळ होऊन आल्या फटीतून निघून जायचा. टरफल नाही, डाग नाही, काही नाही. कोंबड्या जिवाच्या आकांताने ओरडायच्या. पण अंडे घातल्यावर कोंबडी ओरडतेच, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होते. त्यामुळे कुणी खिडकीशीही आले नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी आत्या घरात नसायच्या. भाजीवाला दुपारी दुकान आवरताना कोबीची वरची पाने, मुळ्याचा पाला, सडके टोमॅटो असे सगळे बाहेर टाकायचा. आत्या ते वेचायला जायच्या. कोंबड्यांना पाला मिळाला की त्यांची अंडी सकस होतात. पण आपण टाकलेला पाला वेचतो हे चार लोकांना दिसू नये, भावाच्या घराला कमीपणा येऊ नये, म्हणून त्या पिशवीचे तोंड दुमडून, काखेत दाबून न्यायच्या आणि आणायच्या. मागच्या दाराने जायच्या, मागच्याच दाराने यायच्या. तो पाला रोज माझ्या डोळ्यांसमोर पडायचा. सूनबाई अंगणात येईपर्यंत कोंबड्यांनी त्याचा फन्ना उडवलेला असायचा.

एकदा इस्त्रीवाली कुंपणावरून म्हणाली, "काय हो, तुमच्या आत्या रोज दुपारी पिशवी घेऊन कुठे जातात?" एवढेच म्हणाली. पण सूनबाईच्या मनात किडा वळवळायला एवढे पुरले.

आधी भाच्याने टॉर्च घेऊन खुराड्याची जाळी चारी बाजूंनी तपासली. कुठे भोक नव्हते. "उंदीर नाही," तो म्हणाला. "मुंगूस असतं तर कोंबडीच नेली असती." पेंढा उचलून खाली बघायचे मात्र त्याला सुचले नाही. माझ्या अगदी बुडाशी त्याचा हात आला होता. मला हात असते तर मी त्याचा हात धरून खाली नेला असता.

आत्यांचे काय चालले होते ते मी तुम्हाला सांगते, कारण ते त्यांनी फक्त मलाच सांगितले. त्या सकाळी खोक्यापाशी उकिडव्या बसत आणि पुटपुटत, "मुकादम, काल मी इथून अंडी उचलली का रे? उचलली असतील. मग ठेवली कुठे?" त्यांनी डबे शोधले, उशीखाली पाहिले, जुन्या चपलांच्या खोक्यात पाहिले. त्यांची आई म्हातारपणी सगळे विसरायची, शेवटी माणसेही ओळखेनाशी झाली होती. तेच आता आपल्यावर आले, अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली. चोरीचा त्यांना संशय आला नाही. त्यांना संशय आला तो स्वतःचा.

आणि मग तो दिवस उजाडला. आत्या दुपारी परत आल्या. सूनबाई ओट्याशी उभी होती. खिडकी उघडी होती.

"आत्या, एक विचारू?"

"विचार की."

"पिशवीत काय असतं?"

पिशवी दुमडल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाल्या, "काही नाही गं. असंच, पाय मोकळे करून येते."

"आत्या, मला अंड्यांचं काही नाही. कुणाला द्यायची असतील तर राजरोस द्या, टोपलीभर द्या. पण असं चोरून कशाला?"

"चोरून?" आत्यांनी तेवढा एकच शब्द उच्चारला. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "असेल गं. मीच घेतली असतील. मला आठवत नाही."

त्या बाईने आपल्या मनातली सगळ्यात मोठी भीती उघडी करून दाखवली होती. आणि सूनबाईला तो कबुलीजबाब वाटला. "आठवत नाही म्हणे!" ती म्हणाली. "सोयीचं बरं विसरता!" मित्रांनो, मी लाकडाचे आहे, पण त्या वाक्याने मला भेग पडली असती तर बरे झाले असते.

भाचा रात्री घरी आला. जेवताना त्याला सगळे कळले. "जाऊ दे ना," एवढेच तो म्हणाला, आणि ते कुणाला म्हणाला हेही नीट कळले नाही. सकाळी आत्यांनी नेहमीप्रमाणे खुराडे उघडले, पाणी बदलले, दाणे टाकले. आज त्यांनी मला काही विचारले नाही. खुराड्याच्या कुलपाची किल्ली त्यांनी खिडकीतून आत हात घालून ओट्यावर ठेवली आणि त्या धाकट्या बहिणीकडे राहायला निघून गेल्या. बहिणीचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. तिथे अंगण नाही, माती नाही, खिडकीत ठेवलेली एक तुळतुळीत प्लॅस्टिकची फुलदाणी तेवढी आहे, असे मला पुढे कळले.

पहिले काही दिवस सूनबाई डोळ्यात तेल घालून बसली. सुट्टी काढून घरीच राहिली, कोंबडी ओरडली की धावत यायची, अंडे गरम असतानाच उचलायची. सापाला काही मिळाले नाही. संध्याकाळी ती वाडगा भाच्यापुढे ठेवून म्हणायची, "बघा! आता बरी निघतात अंडी!" भाचा मान खाली घालून जेवायचा.

मग सुट्टी संपली, आणि अंडी पुन्हा जाऊ लागली. आता घरात आत्या नव्हत्या आणि पिशवीही नव्हती. सूनबाई रिकाम्या खोक्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. तिचा चेहरा मला खालून दिसत होता. तिला सगळे कळले होते, असे मला अजून वाटते. पण कळणे वेगळे आणि कबूल करणे वेगळे. तिने काय करावे? दुसऱ्या दिवशी दुकानातून अंडी विकत आणली आणि वाडग्यात ठेवली.

भाच्याने एक उचलून दिव्यासमोर धरले. "ही पांढरी कशी? आपल्या कोंबड्या तर तांबूस घालतात."

"खाद्य बदललंय," सूनबाई म्हणाली.

खाद्य बदलून कवचाचा रंग बदलत नाही, हे पंखे दुरुस्त करणाऱ्यालाही कळते. पण त्याने ते अंडे परत वाडग्यात ठेवले. मी खोटे अंडे आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत होते, मी कधी ते लपवले नाही. ती पांढरी अंडी मात्र खरी असून मला माझ्याहून खोटी वाटली.

त्यातच खुराड्याची अवस्था बिघडत चालली. दिवस लहान होऊ लागले तशी तांबडीची पिसे गळायला लागली. सकाळी पाहावे तर खुराड्यात पिसांचा सडा, आणि तांबडी अर्धी उघडी, थरथरत कोपऱ्यात. ठिपकी अंडे घालायची ते मऊ, बोट लावले तर दबणारे. आणि मास्तरीण खुडूक झाली. माझ्यावरच येऊन बसली, मला उबवायला! मी काय उबणार! ती अंग फुगवून, डोळे ताणून दिवसभर बसून राहायची, कुणी जवळ आले की टोचायची. अंगाखाली मला तिची हाडे लागायला लागली, इतकी ती वाळली. मी तिला सांगू शकत नव्हते की बाई, ऊठ, माझ्यात काही नाही.

सूनबाई घाबरली. कोंबड्या मरतात की काय अशी तिला धास्ती बसली. विचारणार कुणाला? खाद्याच्या दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "जुन्या झाल्या, बदलून टाका." इस्त्रीवाली म्हणाली, "खुडूक कोंबडीला थंड पाण्यात बुचकळून काढा, उतरते तिची ऊब." दवाखान्यातल्या एका पेशंटने सांगितले, पिसे गळतात म्हणजे रोग आहे, सगळ्यांना लागेल. प्रत्येकाचे ऐकून ती आणखीच गोंधळली. संध्याकाळी ती फोन हातात घ्यायची. आत्यांचा नंबर काढायची. बघत राहायची आणि फोन ठेवून द्यायची. शंका एवढ्याशा होत्या. पण ज्या तोंडाने 'चोरून' म्हटले, त्याच तोंडाने विचारायचे कसे?

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे म्हणतात. आमच्याकडे कोंबडाच नव्हता, तरी उजाडले. एका दुपारी मास्तरीण दाण्याचे चार घास खायला माझ्यावरून उठली. तेवढ्यात फटीतून तो वर आला. खोक्यात दुसरे अंडे नव्हते. त्याने मला पाहिले, हुंगले आणि गिळले.

मित्रांनो, ते मी फार रंगवून सांगणार नाही. आत अंधार होता आणि सगळीकडून आवळले जात होते. नेहमीप्रमाणे तो फळीवर अंग दाबून मला फोडायला लागला. एकदा, दोनदा, पुन्हा. खुर्चीच्या पायाचे लाकूड ते, दाद कसे देणार! आणि मी फुटत नाही म्हणून त्याचे अंग बारीक होईना, आणि अंग बारीक होईना म्हणून त्याला फटीतून परत जाता येईना. अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो अडकला. त्याचे काळीज माझ्या अगदी जवळ धडधडत होते. एवढे दिवस मी त्याला चोर म्हणत होते. त्या वेळी तो मला फक्त भुकेला वाटला.

सूनबाई दवाखान्यातून आली, कोंबड्यांचा कालवा ऐकून अंगणात गेली आणि तिने किंकाळी फोडली. इस्त्रीवाली धावत आली, तिच्यामागे दोघे-तिघे काठ्या घेऊन. पण सूनबाई काठीवाल्यांच्या आडवी उभी राहिली. "थांबा. मारू नका. आधी त्याच्या पोटात काय आहे ते मला बघायचंय."

तिने साप पकडणाऱ्याला फोन केला. तो शांत माणूस होता. त्याने फळी उचकटली, साप अलगद सोडवला, हाताने चाचपला. "विषारी नाही हा. पण पोटात अंडं दिसतंय, आणि ते फुटत कसं नाही?" मग त्याने बोटांनी हळूहळू, दुखणाऱ्या पोटावरून आई हात फिरवते तसे, मला पुढे पुढे सरकवले आणि सापाच्या तोंडातून मी मातीत पडले.

सगळे वाकून बघू लागले. सापवाला हसला. "अहो, लाकडाचं आहे की! बिचारा फसला. आधीची अंडी गेली असतील तर यानेच नेली बघा."

इस्त्रीवालीने तोंडावर हात ठेवला. सूनबाईने मला उचलले. मी चिकट होते, मातीने माखले होते, तरी तिने मला घट्ट धरले. माझ्या कुशीवरच्या गाठीवर तिचा अंगठा होता. साप पिशवीतून कुठेतरी लांब रानात सोडायला नेला. पण तिचे लक्ष कुणाकडेच नव्हते.

तिने मला नळाखाली धुतले, रुमालात गुंडाळले आणि तशीच निघाली. तिसऱ्या मजल्यावर आत्यांनी दार उघडले. त्या खूप वाळल्या होत्या. "ये," म्हणाल्या. पाणी दिले. दोघी समोरासमोर बसल्या. सूनबाईने मला रुमालासकट मांडीवर घेतले. शेवटी तिच्या तोंडून शब्द फुटला तो भलताच.

"आत्या, तांबडीची पिसं गळतायत. ती मरेल का?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिले. "नाही गं. दरवर्षी या दिवसांत गळतात. जुनी जातात, नवी येतात. तोवर अंडी घालणार नाही ती, घाई करू नकोस. जरा चांगलंचुंगलं खायला घाल."

"ठिपकीची अंडी मऊ येतात."

"टरफलं भाजून कुटून घालत होते मी दाण्यात. ती बंद झाली असतील."

"मास्तरीण उठतच नाही जागेवरून. इस्त्रीवाली म्हणते पाण्यात बुडवा..."

"मुळीच नको! हवेशीर पिंजऱ्यात ठेव, खाली नुसती जाळी, पेंढा नको. दाणापाणी पोटभर. चार दिवसांत निवते." मग आत्यांची नजर त्या रुमालावर गेली. "एवढं विचारायला आलीस?"

सूनबाईने रुमाल सोडला आणि मला त्यांच्या हातात दिले. "अंडी साप नेत होता, आत्या. आज त्याने हे गिळलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या पोटातून निघालं." आणि ती रडायला लागली. "मी काय काय बोलले तुम्हाला. माझी जीभ झडली कशी नाही!"

आत्यांनी तिचे रडणे ऐकलेच नाही जणू. त्या माझ्यावरून बोट फिरवत होत्या. गाठीवर बोट थांबले.

"म्हणजे मी विसरत नव्हते?" त्या म्हणाल्या. "अंडी मी उचलून कुठे ठेवत नव्हते? माझं डोकं ठीक आहे, सूनबाई?"

सूनबाईचे रडणे एकदम थांबले. 'मला आठवत नाही' या शब्दांचा अर्थ तिला तेव्हा कळला. तिने आत्यांचे दोन्ही हात धरले, आणि त्या चार हातांच्या मध्ये मी होते. "ठीक आहे, आत्या. अगदी ठीक आहे. माझंच नव्हतं."

मग पिशवीत काय असायचे तेही आत्यांनी सांगितले. सूनबाई कपाळाला हात लावून बसली. "पाला? एवढंच सांगायचं होतंत ना!" आत्या म्हणाल्या, "लाज वाटायची गं." एकीने लाजेपोटी लपवले, दुसरीने धीर धरून विचारले नाही, आणि मधल्या मधे एवढे घर विस्कटले.

आत्या परत आल्या. भाच्याने कुजलेली फळी काढून नवी बसवली, खाली पत्रा ठोकला. तांबडीला नवी पिसे आली, पूर्वीपेक्षा तुकतुकीत. मास्तरीण पुन्हा चोच उगारू लागली. भाजीवाल्याकडचा पाला आता सूनबाई स्वतः आणते, उघड्या टोपलीत, पुढच्या दाराने, इस्त्रीवालीला हाक मारून. तुम्ही म्हणाल, मग झाले की सगळे छान!

झाले असते. पण एक गोष्ट राहिली. परत आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी आत्यांनी अंडी गोळा केली, आणि मग हात घालून मलाही उचलले. "चला मुकादम, घरात." ओट्यावर त्यांनी सगळी अंडी सूनबाईसमोर एकेक करून मांडली, मोठ्याने मोजत. "एक. दोन. तीन. आणि हे लाकडाचं." पूर्वी त्या कधी मोजत नसत. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, असं करू नका. मी विचारलं का काही?"

"नाही गं, तू कशाला विचारशील? सवय लागली आपली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तसे असते तर भांडता तरी आले असते. त्या रोज मोजतात, रोज मला दाखवतात आणि पुन्हा पेंढ्यात नेऊन ठेवतात. सूनबाई त्या वेळी काही ना काही काम काढून दुसऱ्या खोलीत जाते. मग आत्या तिची वाट बघत ओट्याशी उभ्या राहतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागते. कुणी म्हणते मला पुसा, कुणी म्हणते मला फेकू नका. मला तसले काही नको. तुमच्याकडे कोंबड्या असतील तर त्यांना चांगले पाणी द्या, सावली द्या, लोळायला कोरडी माती द्या, आणि काही हरवले तर माणसावर बोट रोखण्याआधी पेंढा उचलून खालची फळी बघा. घरातले कुणी म्हाताऱ्या आवाजात 'मला आठवत नाही' म्हणाले, तर त्याच्याजवळ बसा आणि काय आठवत नाही ते विचारा.

आणि माझे स्वतःचे म्हणाल, तर मला विसरावे, एवढीच माझी इच्छा आहे. एखाद्या संध्याकाळी आत्या गप्पांच्या नादात अंडी घेऊन जातील, न मोजता वाडग्यात ओततील, आणि मी मागे खुराड्यातच राहीन. रोज दिवस मावळताना त्यांची पावले वाजतात आणि मी पेंढ्यात जरा खोल बसायचा प्रयत्न करते. पण त्यांचा हात मला बरोबर शोधून काढतो.